गायमुखच्या पुढची अंगाई

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी ठाण्याच्या कोलशेत गावात हिराबाई नावाच्या आजींनी एक अंगाई म्हटली. ऐकायला तिघी होत्या: त्यांची नात प्रणाली, मी आणि माझी धाकटी मुलगी रेवा. रेवा तेव्हा सव्वा वर्षाची होती. ती झोपली नाही. त्यामुळे त्या घरात तोवर कोणीही न ऐकलेली कडवी त्या दुपारी ऐकायला मिळाली.

घटना एवढीच आहे. ती नीट कळण्यासाठी आधीचं थोडं सांगावं लागेल.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. या कामाची बाहेरच्यांना फारशी कल्पना नसते. बातमी बातमीदार आणतो. उपसंपादक ती तपासतो, कापतो, मथळा देतो आणि पानात बसवतो. त्याचं नाव कुठेही छापलं जात नाही. आमच्या डेस्कवर एक नियम होता. एकाने सांगितलेली गोष्ट ही माहिती. दुसऱ्याला वेगळं विचारल्यावर त्यानेही तीच सांगितली, तर ती बातमी. ही सवय पुढे घरातही टिकली. मुलाने दूध प्यायलं, असं एकाने सांगितलं तर मी दुसऱ्याला विचारायचे.

थोरला ओजस झाल्यावर रजा संपवून मी कामावर परत गेले. पानं लावायची वेळ आणि मुलाची झोपायची वेळ एकच होती. धाकटी झाल्यावर नोकरी सोडली. निर्णय माझा होता, कोणी लादलेला नव्हता. तोवर ब्लॉग सुरू झालेला होता आणि नोकरी सुटल्यावर काम म्हणून तोच उरला.

ब्लॉगचं कारण ओजस. त्याच्या वेळच्या रजेत मी घरी बसून एका प्रकाशकाची मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीची कच्ची पानं, तपासायचे. मुद्रितं मोठ्याने वाचून तपासतात, विरामचिन्हांसकट. ओजसला मांडीवर घेऊन मी एकसुरात वाचत असे: "या पार्श्वभूमीवर स्वल्पविराम राज्यातील पाणीसाठा अवतरण सुरू समाधानकारक अवतरण पूर्ण असल्याचे पूर्णविराम." तो लगेच झोपायचा. पुढे बोलायला लागल्यावर तो जेवण झालं की ताटली सरकवून "पुन्नविराम" म्हणायचा. माझ्या सासूबाई डोंबिवलीला राहतात. त्या आलेल्या असताना त्यांनी हे ऐकलं.

"अगं वृंदा, पोराला अंगाई म्हणतेस की अग्रलेख?"

"मला अंगाई येत नाही, आई. दोन ओळींच्या पुढे एकही येत नाही."

"मला तरी कुठे येतात? तुझ्या नवऱ्याला दोन ओळींतच झोप लागायची. पुढचं म्हणायची वेळच आली नाही."

मी शेजारी विचारायला सुरुवात केली. आम्ही वर्तकनगरला राहतो. आमच्या वसाहतीत कोकणातली घरं आहेत, घाटावरची आहेत, खानदेशातली आहेत. प्रत्येक घरात एक तरी अंगाई निघाली आणि जवळपास प्रत्येक अंगाई अर्धी निघाली. मी त्या लिहून ब्लॉगवर टाकायला लागले. नोंदीचा साचा ठरवून घेतला: आवाजाचा तुकडा, शब्द, म्हणणारीचं गाव, ती कोणाकडून शिकली, आणि ती ऐकून कोण कोण झोपलं. शब्द त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाकडून पडताळल्याशिवाय नोंद टाकायची नाही.

कामाची पद्धत सांगते. फोन म्हणणारीच्या जवळ ठेवायचा, पण तिच्या नजरेला पडणार नाही असा. फोन दिसला की बायका गाणं म्हणायला लागतात, म्हणजे आवाज चढवतात आणि मूल जागं होतं. पंखा बंद करायचा. कुकर लावलेला नाही ना, ते आधी विचारायचं. घरी आल्यावर तुकडा संथ गतीवर लावून शब्द उतरवायचे. जिथे श्वास घेतला तिथे रेघ द्यायची, कारण अंगाईत ओळ श्वासाने तुटते. हे सगळं ऐकायला सोपं आहे. ते करताना मांडीवर एक मूल आणि पायाशी दुसरं असेल तर एका कडव्याला आठवडा जातो. मुलं झोपल्यावरच शब्द उतरवायला वेळ मिळायचा, पण तेव्हा आवाज लावता येत नसे. इयरफोन घालून अंगाया उतरवायच्या तर मला पेंग यायची. या अडचणीवर मला शेवटपर्यंत उपाय सापडलेला नाही.

वाचक तऱ्हेतऱ्हेचे मिळाले. कल्याणच्या एका निवृत्त शिक्षकांनी कळवलं की त्यांची पत्नी बाळंतपणानंतर बरीच आजारी होती आणि मुलीला झोपवायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांना गाता येत नव्हतं. त्यांनी पाढे म्हटले, चालीवर, अगदी संथ. पडताळणीसाठी मी मुलीला फोन केला. ती आता एका कंपनीत हिशेब तपासते. ती म्हणाली, "खरं आहे. कोणी सतराचा पाढा म्हणायला लागलं की मला अजून जांभई येते. ऑफिसात सांगायची सोय नाही." ही अंगाई धरायची की नाही, यावर मी बराच विचार केला. मूल झोपलं होतं, दोघांनी सांगितलं होतं. धरली.

कल्याणजवळच्या मोहन्याच्या एका बाईंची अंगाई मी अनेकदा ऐकली. त्यांचे यजमान तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपत. खोली एक, मूल लहान. बाई मुलाला खांद्यावर घेऊन अगदी खालच्या आवाजात म्हणत: हळू रड राजा, भिंतीला कळेल, भिंतीला कळलं तर बाबाला कळेल. मुलाने रडू नये म्हणून हे गाणं. मी विचारलं, मूल झोपायचं का? त्या म्हणाल्या, "नाही ओ. ते टक्क जागं. पण हे झोपायचे. माझा आवाज ऐकल्याशिवाय यांना झोप लागत नाही हे मला कारखाना बंद पडल्यावर समजलं. रात्री घरी असायला लागले ना, तेव्हा." एका खोलीच्या घरात एका माणसाचा आवाज दुसऱ्याचे डोळे मिटतो आणि तिसऱ्याला गप्प करतो. याची सवय झालेली असते म्हणून त्याचं कोणाला नवल वाटत नाही. मला ते वाटायला लागलं आणि अजून कमी झालेलं नाही.

प्रणालीचा निरोप गेल्या जानेवारीत आला. ती डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या खाडीजवळ राहते. तिला पाचवा महिना लागलेला होता. नवरा मालवाहू जहाजावर; बाळाच्या वेळेला त्याला सुटी मिळेल की नाही, हे नक्की नव्हतं. तिचं माहेर कोलशेतचं. तिने लिहिलं होतं: "माझी आजी एक लांब अंगाई म्हणते. तिच्या गळ्यात गाठ आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. गाठ आवाजाच्या नसेजवळ आहे, आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला ती अंगाई पूर्ण पाहिजे. आमच्या घरात ती कोणीच पूर्ण ऐकलेली नाही."

मी फोन केला. पूर्ण का ऐकलेली नाही, असं विचारलं.

"ताई, ती झोपवते ना," प्रणाली म्हणाली. "त्यात एक बाप आहे. तो भाईंदरच्या मिठागरावर कामाला असतो. भरती आली की होडीने घरी यायला निघतो. एकेका कडव्यात एकेक गाव पुढे येतो. घोडबंदर येतं, मग गायमुख. गायमुखला सगळी झोपतात. मी झोपायचे, माझा भाऊ झोपायचा, बाबा पण लहानपणी तिथेच झोपायचे म्हणे. आमच्याकडे कोणी बसल्या बसल्या पेंगायला लागलं ना, की म्हणतात, याचं गायमुख आलं."

"मग आजींना विचारा, पुढे काय आहे ते."

"विचारलं. तिला असं बसून सांगता येत नाही. गायमुखनंतर ती अडकते, परत भाईंदरपासून सुरू करते." मग ती म्हणाली, "तो घरी पोचतो का, एवढं तरी मला कळलं पाहिजे."

पहिल्यांदा मी एकटीच गेलेले. ओजस शाळेत होता आणि रेवाला सासूबाईंकडे ठेवलं होतं. कोलशेतच्या नव्या इमारतींच्या मागच्या अंगाला जुनं गाव आहे. हिराबाईंचं घर तिथे, तळमजल्याचं. आढ्याला लोखंडी कडी आणि कडीला लुगड्याची झोळी टांगलेली. नातवंडं मोठी झाली तरी ती काढलेली नव्हती. हिराबाई खाली बसल्या होत्या, शेजारी आधीच आलेली प्रणाली. गळ्याशी पदर गुंडाळून घेतलेला.

त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "पोर कुठं हाय?"

"घरी आहे, आजी. तुम्ही नुसती म्हणा, मी फोनवर घेते."

"कोनाला म्हनू? तुना?"

"हो, मला म्हणा."

"तू झोपशील?"

मी म्हटलं, नाही.

"मंग?"

प्रणालीने समजावून पाहिलं. हिराबाईंनी झोळीची दोरी हातात घेतली आणि सोडून दिली. "रिकामी झोली हालवाची नाय. आनि झोली हालल्याबिगर मना गानं येत नाय. तोंडान नाय ग ते, हातान हाय."

रिकामा पाळणा हलवू नये, हे मी घरोघरी ऐकलेलं होतं. त्यावर वाद घालायचा नसतो. पण माझ्या पिशवीत रेवाची बाहुली होती. लहान मुलांच्या आईच्या पिशवीत काय काय निघतं ते सांगायला नको. मी ती काढून विचारलं, ही चालेल का? हिराबाईंनी बाहुली उलटसुलट करून पाहिली, हसल्या आणि तिला झोळीत आडवी ठेवली. दोरी ओढली. पहिली ओळ सुरू केली, आणि थांबल्या.

"काय झालं, आजी?"

"झोपली बग तुजी पोर. शानी हाय."

बाहुली डोळे मिटणारी होती. आडवी केली की तिच्या पापण्या खाली यायच्या. हिराबाईंच्या लेखी काम संपलं होतं. मग त्यांनी आम्हाला चहा दिला.

दुसऱ्या खेपेला रेवाला नेलं. घरी ही मुलगी झोपायला तास घेते. मांडी लागते, खांदा लागतो, दिवा घालवून परत लावावा लागतो. कोलशेतला हिराबाईंनी तिला झोळीत घातलं, एक पाय पसरून बसल्या, दोरी दोन बोटांत धरली आणि म्हणायला लागल्या:

नीज गो बाय, नीज गो बाय,
बाप तुजा भाईंदरान हाय.
पायान मीठ नि डोक्याव ऊन,
भरती आली का येल निगून.

आवाज घोगरा होता, मधूनच गळ्यातल्या गाठीला अडल्यासारखा. चाल अशी काही नव्हती. दोरी ओढताना ओळ वर जात होती, सोडताना खाली येत होती. दुसरं कडवं घोडबंदरचं.

भरती आली, होरी सुटली,
घोरबंदराची बत्ती दिसली.

रेवा झोपली. झोळीच्या कडेवरची तिची मूठ आधी सैल झाली, मग सुटली. गायमुखसुद्धा आलं नव्हतं. हिराबाई दोरी हलवत राहिल्या, पण गाणं थांबलं. मी खुणेने विचारलं, पुढे? त्यांनी मान हलवली. झोपलेल्या मुलाला गाणं म्हणत नाहीत, त्याने ते जागं होतं, एवढं सांगून त्या भाजी निवडायला लागल्या.

मी बसून राहिले. तासभर खटपट करून जे मला साधत नाही ते या बाईंनी दोन कडव्यांत, माझ्या मुलीला पूर्वी एकदाही हात न लावता केलं होतं. नोंद करावी असं तिथे काही नव्हतं. दोन बोटांत धरलेली एक दोरी होती आणि एक आवाज होता.

आता अडचण स्पष्ट झाली. अंगाई पूर्ण मिळवायची तर न झोपणारं मूल पाहिजे. आणि हिराबाईंसमोर न झोपणारं मूल, हे कठीण होतं. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच भरती व्हायला सांगितलेलं. मंगळवार एवढाच हातात होता.

मी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजवर पोरीला झोपवायला मला डोंबिवलीहून बोलवायचीस. आता जागी ठेवायला बोलावतेस. शेजारी विचारतात, सून करते काय? मी सांगते, ब्लॉग. मग विचारतात, म्हणजे काय? तर आता काय सांगू, लोकांची पोरं झोपवायची गाणी जमवते आणि स्वतःचं पोर जागं ठेवते?"

"असंच सांगा, आई. बरोबर आहे ते."

"ऐक मग. सकाळी लवकर उठव तिला. नऊ वाजता पोटभर खायला घाल आणि परत झोपव, चांगली दोन तास. उठली की लगेच काही देऊ नकोस. रिक्षात बसल्यावर थोडं थोडं दे, खाण्यात जागी राहील. घरूनच भरल्या पोटाने निघाली तर तिथे पोचेपर्यंतच डुलकी लागेल. आणि ओजसला माझ्याकडे ठेव, तो बरोबर आला तर गाण्याऐवजी त्याचेच प्रश्न ऐकायला लागतील."

आई झाल्यापासून माझं सगळं वेळापत्रक एका गोष्टीवर उभं होतं: मूल झोपलं की काम सुरू. त्या मंगळवारी ते उलटं झालं. मूल जागं राहिलं तरच काम होणार होतं.

आम्ही पोचलो तेव्हा बाहेर रस्त्याचं ड्रिलिंग चालू होतं. कामगार जेवायला बसले तसं ते थांबलं. प्रणालीने पंखा बंद केला. फोन झोळीच्या मागे ठेवला. हिराबाईंनी रेवाला झोळीत घातलं. ती आडवी व्हायला तयार नव्हती. झोळीच्या दोन्ही कडा धरून ती उठून बसली आणि हिराबाईंच्या तोंडाकडे बघायला लागली.

"आज मॅडम तयारीनं आल्यान," हिराबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या आणि दोरी ओढली.

भाईंदर झालं. घोडबंदर झालं. रेवा बसलेलीच. हिराबाईंचा आवाज खाली आला आणि दोरीची ओढ लांबली. त्यांचं काम मुलीला झोपवणं हे होतं आणि त्या ते मनापासून करत होत्या.

गायमुखाला वारा परला,
बापानी तुज्या वल्हा धरला.

मी प्रणालीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे जड झालेले. तिने स्वतःच्या दंडाला चिमटा काढला. रेवाने जांभई दिली. जांभई संपली आणि तिने पुन्हा डोळे उघडले.

झोळी एकदा गाण्याविना गेली आणि आली. मग:

वाघबिलाला वाघ नाय बाय,
कवाच जेला, भिशी तू काय?

प्रणाली सरळ बसली. वाघबीळनंतर कोलशेत. खाडीच्या वाटेने पुढचं गाव तेच. बाप घरापासून एका कडव्यावर आला होता. रेवाने हात पुढे करून हिराबाईंचा पदर धरला. हिराबाईंनी डोळे मिटून घेतले.

पानी उतरलं, होरी रुतली,
बापाची चप्पल चिखलान गुतली.

चालत निगाला, गाव दिसना,
टावरच्या मागं घर गवसना.

इथे मी लिहिणं थांबवलं. इतका वेळ ज्या गाण्यात मिठागर आणि वल्हं होतं, त्यात टॉवर आला होता. तो नंतर जोडल्यासारखा वाटत नव्हता. आवाज तोच, दोरीची ओढ तीच, श्वास त्याच जागी. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते तिथे बसून मला ओळखता आलं नाही. घरी येऊन संथ गतीवर ऐकलं, तेव्हाही आलं नाही.

वाचमनला बाप इचारतंय काय,
कोलशेत कंच्या माल्याव हाय?

प्रणालीने तोंडावर हात धरला. ती हसत होती की काय, ते मला नीट दिसलं नाही. त्याच वेळी हिराबाईंना खोकला आला. तो थांबेना. त्यांनी एका हाताने गळा धरला. दुसऱ्या हाताने दोरी हलवणं चालूच होतं. मी पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि पुन्हा तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. रेवाने चेहरा रडवेला केला.

हिराबाईंनी दोरी प्रणालीकडे केली. "धर."

"आजी, मला नाही येत."

"कोनाला येतं?" त्या कुजबुजल्या. "पोर बग. जागी हाय."

"पण पुढे काय आहे?"

हिराबाईंनी प्रणालीच्या हातात दोरी दिली आणि तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवून झोळी दोनदा हलवून दाखवली. मग हात काढून घेतला.

प्रणालीने बराच वेळ नुसती झोळी हलवली. रेवाचा चेहरा सरळ झाला. मग प्रणाली म्हणाली, अर्धं बोलत, अर्धं त्या चालीत, तिच्या शहरी मराठीत:

वॉचमन म्हणतो, थांबा जरा,
वर विचारतो, मग तुम्ही चला.

तिने ते पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना शेवटचा शब्द हिराबाईंसारखा खाली आला. रेवा आधी बसल्या जागी एका बाजूला कलली, मग झोळीत आडवी झाली. हातातला पदर तिने सोडला नाही. हिराबाई तशाच वाकून बसून राहिल्या.

बाहेर ड्रिलिंग पुन्हा सुरू झालं. मुलगी हलली नाही.

हिराबाईंचा आवाज थोडा परत आल्यावर मी विचारलं, कारण विचारणं हे माझं काम होतं. "आजी, ही अंगाई तुम्ही कोणाकडून शिकलात?"

"आयेकरून."

"त्या कुठपर्यंत म्हणायच्या?"

"गायमुखपरयंत."

"आणि पुढे?"

"पुरचं मना काय ठावं? मी झोपायची."

"मग वाघबीळ कुठून आलं?"

वेडीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाघबील तं हायच ना वाटंन. होरी उडून येल काय?"

"आणि टॉवर? वॉचमन?"

"ते पन हाय. जा बाहेर, बग." त्यांनी रेवाच्या मुठीतला पदर सोडवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "पोर झोपत नाय तवर बापाला चालवाचं. दुसरं काय हाय त्यान?"

प्रणालीने विचारलं, "म्हणजे तो घरी पोचतच नाही, आजी?"

"पोचला तं पोर उठल नाय का?"

मी वर्तमानपत्रात दहा वर्षं काढली. त्या काळात अनेक गोष्टींचा शेवट शोधला आणि बहुतेक वेळा तो मिळाला, किंवा मिळाला नाही असं छापता आलं. इथे या दोन्हींपैकी काहीच लागू होत नव्हतं. जी गोष्ट हिराबाईंकडून मिळवून प्रणालीच्या हातात द्यायला मी आले होते, ती माझ्यासमोर दोरीबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती. त्यात माझा वाटा एवढाच, की मी न झोपलेलं मूल आणलं होतं.

नोंद कशी लिहायची, हा प्रश्न उरला. गायमुखपर्यंतचे शब्द घरातल्या सगळ्यांनी दुजोरा देऊन पक्के केले. वाघबीळपासून वॉचमनपर्यंतच्या शब्दांना साक्षीदार दोघी, प्रणाली आणि मी. शेवटच्या कडव्याशी म्हणणारीचं नाव बदलून प्रणालीचं घातलं. नोंदीत मी शेवट असं लिहिलं नाही. तिथे रेघ आहे, श्वासाची.

ऑपरेशन गुरुवारी झालं. गाठ निघाली, ती साधी होती. हिराबाईंचा आवाज राहिला, पण बारीक झाला. वरची ओळ त्यांना लागत नाही. त्यांना आता हाका मारता येत नाहीत म्हणून घरातल्यांनी त्यांच्याजवळ एक घंटी ठेवली आहे. ती त्या वाजवत नाहीत.

रेवा दोन वर्षांची होत आली. ती घरी अजूनही झोपायला तास घेते. ओजसने एकदा तिला वॉचमनचं कडवं म्हणून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वॉचमन कुठे आहे, असं विचारलं.

प्रणालीला जूनमध्ये मुलगी झाली. बाळंतपण कोलशेतला झालं; सव्वा महिन्यानंतर ती मोठागावच्या घरी परत आली. नवऱ्याचं जहाज अजून बाहेर आहे. बाळ दिवसा झोपत नाही, असं ती कळवते. मधून मधून तिचे निरोप येतात, अंगाईच्या पुढच्या ओळींचे, कधी दोन, कधी चार. मी ते तारखेसह ठेवते.

शेवटचा निरोप गेल्या बुधवारी दुपारी आला. बाळ जागं होतं. अंगाईत पुन्हा भरती आली होती, बापाच्या होडीने कोलशेत मागे टाकलं होतं, आणि ती मुंब्र्याच्या खाडीतून मोठागावच्या दिशेने निघाली होती.